सूनियनला सूर्यास्त बघायला जायचंय? मग आधी परतीची बस बघा

अथेन्सला गेलेले बरेच जण एक संध्याकाळ केप सूनियनसाठी ठेवतात, ग्रीकांच्या समुद्रदेवाचं म्हणजे पोसायडनचं देऊळ, तिन्ही बाजूंना समुद्र, मागे लाल आकाश, फोटो तर सगळ्यांनी बघितलेलेच असतात. आणि मग बहुतेक लोक नेमकं सूर्य बुडायच्या वीस मिनिटं आधी धावतपळत पोचतात, मोबाइल वर करून उभे राहतात, गोळा पाण्यात गेला की टाळ्या वाजवतात आणि निघतात. मला विचाराल तर तिथे सूर्य ही दुय्यम गोष्ट आहे, सूर्यास्त काय कुठल्याही समुद्रावर दिसतो, खरी मजा त्या उजेडात त्या खांबांचं काय होतं ती आहे आणि ती तासभर आधी सुरू होते. म्हणून खाली जे काही लिहिलंय ते सगळं दोनच गोष्टींभोवती आहे: लवकर पोचा आणि परत कसं यायचं ते जायच्या आधी ठरवा.

आधी परतीचं, कारण इथेच सगळ्यांची गोची होते. सूनियन अथेन्सपासून साधारण ७० किलोमीटर, अथेन्सभोवतीच्या प्रदेशाच्या म्हणजे अ‍ॅटिकाच्या अगदी दक्षिण टोकाला. देवळाच्या पायथ्याशी गाव असं काही नाही, एक कॅफे, पार्किंग, खाली बीच आणि थोडीफार हॉटेलं, बस्स. रात्री तिथे रस्त्यावर उभं राहून टॅक्सी मिळेल ही आशा ठेवू नका.

सगळ्यात स्वस्त म्हणजे केटीईएल या ग्रीसमधल्या गावोगावच्या बससेवेची बस, केशरी रंगाची, अथेन्समध्ये पेडियन आरेओस पार्कच्या शेजारून सुटते आणि सिंताग्मा चौकाच्या जवळूनही जाते. पण शक्यतो सुरुवातीच्या स्टॉपलाच चढा, कारण संध्याकाळच्या बसला गर्दी असते आणि मधून चढलात तर दीड-दोन तास उभं राहावं लागू शकतं. तिकीट बसमध्येच मिळतं, सुटे युरो जवळ ठेवा. जाताना उजव्या बाजूच्या खिडकीत बसा, बस किनाऱ्याकिनाऱ्याने ग्लिफाडा, वुलियाग्मेनी, वार्किझा, अनाविसोस करत जाते आणि समुद्र जवळजवळ पूर्णवेळ उजव्या हाताला असतो. एक बघून घ्या मात्र, सूनियनला जाणारे रस्ते दोन आहेत, एक हा किनाऱ्याचा आणि दुसरा आतून मार्कोपुलो, केरातेआ, लाव्रियो असा, तेव्हा चढताना ड्रायव्हरला किंवा कंडक्टरला विचारा कुठून जाणार आहे.

उतरताना त्यालाच विचारायचं, आजची शेवटची बस किती वाजता. इंटरनेटवर जे टाइमटेबल सापडतं ते सीझनप्रमाणे बदलतं, एखाद्याने मागच्या वर्षी टाकलेल्या माहितीवर विसंबून राहू नका. उन्हाळ्यात सूर्य उशिरा बुडतो त्यामुळे सूर्यास्त आणि शेवटची बस यात फार अंतर राहीलच असं नाही, आणि ती चुकली की मग संध्याकाळची सगळी मजा महागात पडते.

बसचं टेन्शन नको असेल तर अथेन्सहून अर्ध्या दिवसाच्या सनसेट टूर असतात, नेणं-आणणं त्यांच्याकडे. दोन प्रश्न बुक करायच्या आधीच विचारा, प्रत्यक्ष देवळापाशी किती वेळ देणार आणि प्रवेश तिकीट पैशात धरलंय का, कारण बऱ्याचदा धरलेलं नसतं. देवळापाशी तासापेक्षा कमी वेळ देत असतील तर मी तरी जाणार नाही.

चार जण असाल तर भाड्याची गाडी परवडते. भारतातलं लायसन्स असेल तर सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. रस्ता सुंदर आहे पण वळणं भरपूर आणि परतताना अंधार, त्यातून उन्हाळ्यातला रविवार असेल तर अख्खं अथेन्स बीचवरून घरी निघालेलं असतं. अशा वेळी घाई करू नका, खाली जेवून निवांत निघा. आणि ज्याला गाडी चालवायचीये त्याने वाइनकडे बघू नये, हे सांगायला नको.

आता वेळ. जूनच्या शेवटी तिथे सूर्य साधारण पावणेनऊला बुडतो, डिसेंबरात पाच-सव्वापाचलाच. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सव्वासात-साडेसातच्या आसपास. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ग्रीसमधली घड्याळं एक तास मागे जातात, म्हणजे शनिवारी साडेसहाला होणारा सूर्यास्त रविवारी साडेपाचला होतो, त्या आठवड्यात जात असाल तर दोनदा तपासा. साइट सकाळी उघडते आणि सूर्यास्ताला बंद होते, शेवटचा प्रवेश त्याच्या थोडा आधी. म्हणजे तुम्ही "सूर्यास्ताला पोचू" म्हणालात तर गेट बंद मिळेल. सूर्यास्ताच्या दोन तास आधी गेटवर असायचं असं धरून चाला, ट्रॅफिकने अर्धा तास खाल्ला तरी दीड तास हातात राहतो.

तिकीट ग्रीसच्या संस्कृती खात्याच्या ऑनलाइन ई-तिकीट साइटवरून काढता येतं, दर अलीकडे वाढलेत त्यामुळे जुने आकडे बघून बजेट करू नका. १ जानेवारी, २५ मार्च, १ मे, ग्रीक ईस्टरचा रविवार आणि २५-२६ डिसेंबरला बंद असतं. २८ ऑक्टोबरला त्यांची राष्ट्रीय सुट्टी, त्या दिवशी सरकारी पुरातत्त्व स्थळं फुकट असतात, गर्दी अर्थातच जास्त.

कधी जावं विचाराल तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर. वसंतात त्या टेकडीवर रानफुलं असतात, ऑक्टोबरात समुद्र अजून पोहण्याइतका कोमट असतो. जुलै-ऑगस्टमध्ये क्षितिजावर धुरकट असतं पुष्कळदा, आणि मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो तो काय विचारू नका, टोपी उडून थेट समुद्रात. साइटवर सावली नावाला नाही. हिवाळ्याचं मात्र लोक उगाच घाबरतात, थंडी वाजते खरी पण हवा स्वच्छ असते, गर्दी नसते आणि सूर्य पाचला बुडाल्यामुळे परतीची धावपळही कमी. अजून एक फरक आहे. उन्हाळ्यात सूर्य वायव्येला सरकतो, त्या बाजूला पात्रोक्लोस बेट आणि अ‍ॅटिकाचा किनारा आहे, त्यामुळे तो बऱ्याचदा डोंगरामागे जातो. हिवाळ्यात नैऋत्येला बुडतो, तिकडे समोर पाणी जास्त. तेव्हा "समुद्रात बुडणारा सूर्य" हवाच असेल तर जूनमध्ये जाऊन रुसू नका.

बरोबर काय घ्यायचं? पाणी, टोपी, आणि उन्हाळा असला तरी एक पातळ जाकीट, कारण सूर्य गेला की वारा अंगाला लागतो. बूट पकड असलेले हवेत, वाटेवर खडी आहे, देवळाभोवतीचे दगड पावलांनी घासून गुळगुळीत झालेत. उंच टाचांच्या चपला ग्रीसमध्ये प्राचीन वास्तूंवर २००९ पासून चालत नाहीत, संगमरवराला टोचे पडतात म्हणून. ट्रायपॉडला परवानगी लागते, ड्रोन तर परवानगीशिवाय अजिबात नाही. कॅमेरा हातात धरूनच काढायचे फोटो.

आत गेलात की लगेच सेल्फी घेत बसू नका, आधी देवळाला एक पूर्ण फेरी मारा. दोरी लावलेली असते, खांबांच्या मधे जाता येत नाही, पण चारी बाजूंनी फिरता येतं. हे देऊळ इसवी सन पूर्व ४४४ ते ४४० च्या सुमाराचं, म्हणजे अथेन्समध्ये पार्थेनॉन या प्रसिद्ध देवळाचं काम चालू होतं त्याच काळातलं. समोर सहा आणि बाजूला तेरा अशी बाहेरची रांग, एकूण ३४ खांब होते, आज त्यातले निम्म्याहून कमी उभे आहेत आणि त्यातलेही काही विसाव्या शतकात परत उभे केलेत. दक्षिणेची, समुद्राकडची ओळ सगळ्यात शाबूत आहे.

खांबांकडे नीट बघा. त्यांच्यावर उभ्या खोबणी आहेत ना, त्या मोजा. डोरिक म्हणजे साध्या, जाड खांबांच्या ग्रीक पद्धतीच्या देवळात सहसा वीस असतात, इथे सोळाच. खोबणी कमी म्हणजे खाऱ्या वाऱ्याने झिजायला धारदार कडा कमी, असं त्याचं कारण सांगतात, आणि तिथल्या वाऱ्यात पाच मिनिटं उभं राहिलं की ते पटतं सुद्धा. खांब सहा मीटरच्या थोडे वर, खाली साधारण एक मीटर जाड आणि वर निमुळते, त्यामुळे आहेत त्याहून उंच वाटतात. दगड जवळच्याच आग्रिलेझाच्या खाणीतला. पार्थेनॉनचा, पेंटेली डोंगरातला संगमरवर त्यातल्या लोहामुळे काळाबरोबर मधाळ पिवळसर झाला, हा मात्र पांढराच राहिलाय. सूर्यास्ताला इथेच जा असं मी म्हणतो ते याच्यासाठी, पांढऱ्या दगडाला स्वतःचा रंग नसल्यासारखा तो आकाशाचा रंग उचलतो, आधी लोण्यासारखा, मग केशरी, मग गुलाबी, आणि सूर्य गेल्यावर निळसर राखाडी.

म्हणून उभं कुठे राहायचं हे महत्त्वाचं. सूर्यास्ताच्या तासभर आधी देवळाच्या पश्चिम किंवा नैऋत्य अंगाला जा आणि सूर्याकडे पाठ करून देवळाकडे बघा. सगळे लोक उलट्या दिशेला तोंड करून असतील, त्यांना असू दे. या वेळी ऊन तिरपं येतं आणि प्रत्येक खोबणीत सावली पडते, दुपारी जे सपाट दिसत होतं ते एकदम कोरल्यासारखं उठून येतं. मग शेवटची पंधरा-वीस मिनिटं राहिली की पूर्वेला या, म्हणजे खांबांच्या आरपार सूर्य दिसेल, काळ्या आकृत्यांचे फोटो इथूनच येतात. बिंब क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण जाईपर्यंत जेमतेम तीन मिनिटं मिळतात, त्यातलं एक तरी मिनिट फोन खाली ठेवा.

पश्चिमेच्या उतारावर खडकांवर बसायलाही छान जागा आहेत पण कडा जवळपास ६० मीटर उंच आहे आणि सगळीकडे कठडा नाही, लहान मुलं बरोबर असतील तर हात सोडू नका. वारा जोराचा असेल तर मोठ्यांनीही काठापासून लांबच राहावं, तिथे धैर्य दाखवून काही मिळत नाही.

याच कड्याशी ती प्रसिद्ध गोष्ट जोडलेली आहे. राजा एजियसचा मुलगा थीसियस क्रीट बेटावर मिनोटॉर नावाच्या बैलाच्या डोक्याच्या राक्षसाला मारायला गेला, जिंकून आलो तर पांढरी शिडं लावीन असं सांगून गेला, आणि येताना शिडं बदलायचंच विसरला. बापाला लांबून काळी शिडं दिसली, पोरगा गेला असं समजून त्याने समुद्रात उडी टाकली, आणि त्या समुद्राला त्याचं नाव मिळालं, एजियन. आता काही जुने लेखक ही उडी अथेन्समधल्या टेकडीवरून, म्हणजे अ‍ॅक्रोपोलिसवरून टाकली असं सांगतात, पण सूनियनला उभं राहून समोर बघितलं की गोष्ट इथलीच वाटते, त्याला इलाज नाही.

गोष्टीपेक्षा इतिहास मला जास्त आवडतो खरं तर. आत्ताच्या देवळाच्या जागी आधी एक जुनं देऊळ उभं राहत होतं, ते इराणी सैन्याने इसवी सन पूर्व ४८० मध्ये पाडलं. त्याच वर्षी अथेन्सच्या आरमाराने सलामिस बेटापाशी इराण्यांना हरवलं. आणि ते आरमार बांधायला पैसा कुठून आला, तर लाव्रियोच्या चांदीच्या खाणींतून, म्हणजे सूनियनपासून गाडीने थोड्याच मिनिटांवर. जिंकल्यावर शत्रूचं एक अख्खं लढाऊ जहाज आणून इथे पोसायडनला वाहिलं असं प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवलंय. पुढे इसवी सन पूर्व ४१२ मध्ये स्पार्टाबरोबरच्या युद्धात अथेन्सने या टोकाला तटबंदी केली, धान्याची जहाजं इथूनच वळून जायची, ती सुरक्षित राहावी म्हणून. त्या तटाचे भाग आणि खालच्या खाडीत जहाजं ओढून ठेवायला खडकात कोरलेली जागा अजून आहे. लाव्रियोच्या त्या खाणींत राबणारे हजारो गुलाम मात्र कुठल्याही फोटोत येत नाहीत, इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस त्यांनी बंड करून हाच किल्ला ताब्यात घेतला होता.

पूर्वेकडे नजर टाका, समोर लांबट उजाड बेट दिसतं ते माक्रोनिसोस. विसाव्या शतकात यादवी युद्धाच्या वेळी राजकीय कैद्यांना तिथे ठेवायचे. त्यामागे केआ बेट.

इंग्रज कवी बायरनचं नाव इथे एका खांबावर कोरलेलं आहे, तो १८१० च्या सुमारास आला होता, त्यानेच कोरलं असं मानतात. ते बघायला लोक मान वाकडी करकरून दोरीवरून वाकतात. एवढं कशाला? देवळावर नाव खरडणारा कवी असला म्हणून काय झालं. दगड नीट बघितलात तर इतरांचीही ढिगाने नावं दिसतील. तुम्ही अर्थातच काही कोरायचं नाही आणि आठवण म्हणून खडाही उचलायचा नाही, ग्रीसमध्ये तो गुन्हा आहे.

आणि पायाखाली लक्ष असू द्या, झुडपांतून चकोर फिरतात तिथे. होय, आपल्या कवितेतला तोच चकोर, लाल चोच, लाल पाय, डोळ्यावरून काळा पट्टा, माणसांना फारसा न घाबरता खडकांवर तुरूतुरू पळत असतो. चांदणं पिताना दिसला नाही पण पर्यटकांच्या हाताकडे बघताना नक्की दिसेल. खायला घालू नका. तुमचं स्वतःचं खाणंही आत काढू नका, पाणी चालतं.

तारीख तुमच्या हातात असेल तर एक जुगाड सांगतो, पौर्णिमा बघून जा. पौर्णिमेला सूर्य मावळायच्या आगेमागेच समोरून चंद्र उगवतो, आणि सूनियनचं टोक असं आहे की पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडे पाणी दिसतं, म्हणजे नुसतं वळून उभं राहायचं. ऑगस्टच्या पौर्णिमेला ग्रीसमध्ये बरीच पुरातत्त्व स्थळं रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवतात, त्या वर्षीच्या यादीत सूनियन आहे का ते आधी बघा, असेल तर हॉटेल, बस, सगळं त्याभोवती बसवा.

सूर्य गेला की रखवालदार शिट्ट्या मारायला लागतात. त्यांच्याशी वाद घालू नका, शांतपणे बाहेर पडा पण लगेच निघूही नका, पुढचा अर्धा तास सगळ्यात भारी असतो. आकाश जांभळं होतं आणि देवळावर दिवे लागतात. हे बघायला गेटबाहेरचा कॅफे चांगला, महाग आहे पण तुम्ही पैसे कॉफीचे नाही, गच्चीचे देताय. नाहीतर खालच्या बीचवरून वर बघा, तिथून देऊळ डोक्यावर तरंगल्यासारखं दिसतं. बसने आला असाल तर हा अर्धा तास बसतोय का ते बघूनच थांबा.

लवकर पोचून वेळ उरला तर गेटच्या बाहेर, रस्त्यापलीकडे, साधारण अर्धा किलोमीटरवर छोट्या टेकाडावर अथेनाचं देऊळ होतं. आता नुसता पाया उरलाय, पण त्या देवळाला फक्त दोनच बाजूंना खांब होते, पूर्वेला आणि दक्षिणेला, असा विचित्र आराखडा दुसरीकडे सहसा दिसत नाही. तिथे कोणी नसतं आणि तिथून पोसायडनचं देऊळ पूर्ण दिसतं.

जेवायला खाली किंवा लेग्रेना, लाव्रियोकडे मासळीची टॅव्हर्ना म्हणजे साधी खाणावळी आहेत. मेन्यूत माशाचा भाव बरेचदा किलोवर लिहिलेला असतो, प्लेटवर नाही, म्हणून मासा निवडा, तुमच्यासमोर वजन करायला सांगा, किती युरो होतील विचारा आणि मगच हो म्हणा. मासे खात नसाल तर फावा म्हणजे पिवळ्या डाळीची घट्ट पेस्ट, होर्ता म्हणजे उकडलेली रानभाजी वर लिंबू-तेल, टोमॅटो-काकडी-फेताचं होर्यातिकी सॅलड, एवढ्यात पोट भरतं.

देवळात मूर्ती शोधू नका, एकही नाही. १९०६ मध्ये तिथे पुरलेले तरुणांचे मोठमोठे संगमरवरी पुतळे सापडले, त्यातला सगळ्यात प्रसिद्ध, साधारण इसवी सन पूर्व ६०० चा, तीन मीटर उंच, अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात उभा आहे. ते संग्रहालय पेडियन आरेओसच्या बसस्टॉपपासून चालत जाण्यासारखं आहे, तेव्हा त्याच दिवशी सकाळी तो बघा, दुपारी तिथूनच बस पकडा.